विरजण मागणारी गयामाय

गयामायच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या. तिच्या घरात दह्याचं मडकं कधी रिकामं नसायचं. तरीही रोज दुपार कलली की ती हातात एक वाटी घेऊन निघायची आणि कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी राहून म्हणायची, "विरजण हाय का गं, माय?"

गावाला याचं हसू यायचं. आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून चार किलोमीटर आत, दोनशे उंबऱ्यांचं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते चौथ्या घराला वासावरून कळतं. गल्लीतली धुरपताबाई तर तोंडावर म्हणायची, "मायबाई, दोन-दोन म्हशी बांधून विरजण लोकाचं! तुझ्या म्हशी पानी देतात का व्हय?"

"तुझी जीभ तिखट, तसं तुझं दहीबी," गयामाय वाटी पुढं करायची. "लवकर लागतं. दे चमचाभर."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दिवसभर बोलण्याचा धंदा. पण घरातलं बाहेर बोलायचं नाही, या शिस्तीत वाढलेला. गयामायबद्दल लिहायचं तर मला माझंही थोडं लिहावं लागेल. तेच बारा वर्षं टाळत आलो. गेल्या महिन्यात ती गाव सोडून गेली.

ठेंगणी बाई. डोक्यावरचा पदर वाऱ्यातही ढळायचा नाही. हळदीच्या रानात जन्म गेलेला, त्यामुळे बोटांच्या रेषा बारमाही पिवळ्या. वाटी स्टीलची, साधी, कडेला थोडी चेपलेली. तिच्यावर नाव कोरलेलं होतं: माधव. माधव हा तिचा एकुलता एक मुलगा. बाविसाव्या वर्षी त्यानं आपलं आयुष्य स्वतःच संपवलं होतं. त्यानंतर गावात त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. तिच्यासमोर तर नाहीच. पण ती वाटी घेऊन रोज दारोदार फिरायची, आणि विरजण घालताना प्रत्येकीला ते नाव दिसायचं.

दिवे लागल्यावर आमच्याकडं घरातलं दही बाहेर देत नाहीत. म्हणून तिची वेळ चारची. दारातूनच तिची नजर आत फिरायची. चुलीत राख ताजी आहे का, रांजण भरलेला आहे का, आणि मुख्य म्हणजे अंथरूण गुंडाळलंय का. गुंडाळलेलं असलं की विरजण घेऊन ती निघायची. चार वाजताही पसरलेलं दिसलं की उंबऱ्यावर बसायची. विचारायची काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्या घरी आणखी कुणीतरी काहीतरी मागायला यायचं.

संतोष नावाचा पोरगा पोलीस भरतीत तिसऱ्यांदा राहिला आणि घरात उशीत तोंड खुपसून पडला. त्या आठवड्यात गयामायनं मला रस्त्यात अडवलं.

"गुरुजी, संतोषकडं जाऊन सायकलचा पंप मागा."

"माझ्याकडं पंप आहे. आणि मी मोटारसायकलवर फिरतो."

"असू द्या. मागा."

गेलो, जरा रागातच. संतोष अंथरुणातून उठला, माळ्यावर चढला, धूळ झाडत पंप दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं कुणी शिडी मागितली, मग पकड, मग त्याच्या आजोबाचा अडकित्ता. सातव्या दिवशी तो गल्लीत येऊन ओरडला, "मी काय दुकान उघडलंय का?"

गयामाय शेण थापत होती. तिथूनच म्हणाली, "चिडला रे बाबा. बरं झालं." मग मला हळूच, "कोनाला काही द्यायला गेलं की ते मानूस लाजतं, गुरुजी. अजूनच आत सरकतं. मागायला गेलं की त्याला उठावं लागतं."

मला गंमत वाटली होती. शाळेत सहकाऱ्यांना हा किस्सा मी रंगवून सांगितला होता.

मग वेळ माझ्या घरावर आली.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आम्हाला मुलगी झाली, आणि अकराव्या दिवशी गेली. बारशाच्या आदल्या दिवशी. माझी बायको सुनंदा आधी खूप रडली. मग रडायची थांबली, आणि मला वाटलं, सावरतेय. ती सावरत नव्हती. केस विंचरेना, जेवेना, भिंतीकडं तोंड करून पडून राही. हाक मारली तर लांबून ऐकल्यासारखं बघे. गल्लीतल्या बायका यायच्या. मी त्यांना ओट्यावरूनच परत लावायला लागलो. "तिला आराम पाहिजे." खरं कारण असं की ती त्यांच्यासमोर काहीबाही बोलेल, आणि गुरुजीच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला असं गाव म्हणेल, याची मला धास्ती होती.

एका सकाळी ती अनवाणीच घराबाहेर पडली. मी तिला वेशीजवळ गाठलं. "कुठं निघालीस?"

"आता नको वाटतं सगळं," ती म्हणाली. अगदी शांतपणे, मीठ संपलंय सांगावं तशी. "मी नसले तर तुम्हालाबी सुटल्यासारखं होईल."

याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. कळला नाही असं मी आजवर स्वतःलाही भासवलं, ते खोटं. त्या दिवशीच दवाखाना गाठायला हवा होता. नाहीतर धुरपताबाईच्या दारात उभं राहून 'मला भीती वाटतेय, या' म्हणायला हवं होतं. मी तिचा हात धरून तिला घरी आणलं, जेवणाचं ताट आणि पाण्याची कळशी आत ठेवली, आणि बाहेरून कुलूप लावून शेजारगावच्या शाळेत शिकवायला गेलो. हे तिच्या जिवासाठी, असं मनाशी म्हणत होतो. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या अब्रूसाठी होतं.

असं मी तीन आठवडे केलं. सकाळी साडेनऊला कुलूप, संध्याकाळी साडेपाचला उघडायचं.

तिसऱ्याच दिवशी, मी कुलूप काढायच्या बेतात असताना, गयामाय ओट्यापाशी आली. मी किल्ली खिशात टाकली.

"गुरुजी, सुनंदा दिसेना."

"माहेरी गेली. शिरड शहापूरला. राहील महिनाभर."

"कवा गेली?"

"परवा. सकाळच्या गाडीनं."

"कुंकू लावायला न्हाई आली."

आमच्या गल्लीत माहेरी निघालेली बाई पाच घरी जाऊन कुंकू लावून घेते, मगच गाव सोडते. अकरा वर्षं हे मी बघत होतो. पण पुरुष त्या पाचही घरांच्या बाहेर पिशवी धरून उभा असतो. खोटं रचताना त्याला ते आठवत नाही.

"घाईत गेली," मी म्हणालो.

"बराबर," गयामाय म्हणाली, आणि गेली. वाटी हातात होती, पण विरजण तिनं मागितलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. दारावर थाप पडेल असं वाटत राहिलं. पडली नाही.

पुढचे दिवस मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचो. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा. घरासमोर माणसं जमलेली दिसतील, की दार उघडं दिसेल, की त्याहून वाईट काही? कुलूप जागेवर दिसलं की हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायची. आत सुनंदा तशीच. ताटातली भाकरी तशीच.

मग एका संध्याकाळी मागच्या बोळाकडच्या खिडकीत, जिकडं एरवी माझं लक्षही जात नसे, एक वाटी दिसली. वर बशी झाकलेली. मी बशी उचलायला हात पुढं केला, आणि पाठीमागून आवाज आला, "हात लावू नका. मोडंल."

वेशीवरच्या त्या सकाळनंतर तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं धड वाक्य. मी वळून बघितलं. सुनंदा अंथरुणावर उठून बसली होती. वाटीत दही लागत होतं, आणि कडेला नाव होतं: माधव.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मनात एवढंच आलं: कळलंय. गावाला कळलंय.

बोळात काय चाललं होतं ते सुनंदानं मला पुढं कधीतरी, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. रोज चार वाजता गयामाय त्या खिडकीशी यायची. "सुनंदे, विरजण दे गं." आतून उत्तर नाही. तरी ती तिथं खाली बसायची आणि एकटीच बोलत राहायची: म्हैस लाथ मारते, धुरपताची सून पोळ्या जाळते. चौथ्या-पाचव्या दिवशी गजांतून तिनं कोमट दुधाची वाटी आणि चमचाभर दही आत ठेवलं. "माझ्या हातचं लागंना झालंय. तू लाव. उद्या नेते." दुसऱ्या दिवशी दूध तसंच, नासलेलं. तिनं ते बोळात ओतलं, वाटी घासून आणली, पुन्हा दूध ठेवलं. "लाव गं माय, उद्या नेते." असं किती दिवस चाललं ते सुनंदालाही आठवत नाही. एके दिवशी तिनं उठून चमचा दुधात फिरवला. का, ते तिला सांगता येत नाही. "ती रोज ओतून देत होती," एवढंच म्हणते. "मला त्या दुधाचं वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून चारच्या आत घरी आलो.

माझ्या ओट्यावर पाच बायका बसल्या होत्या. मधे टोपलं, भोवती तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग. सोलणं चाललं होतं. आणि माझ्या दाराला, माझ्या कुलपाला पाठ टेकून गयामाय बसली होती.

"इथं काय चाललंय?"

"शेंगा सोलून राहिलो, गुरुजी," धुरपताबाई म्हणाली. "तुमच्या ओट्यावर ऊन चांगलं येतं."

"घरात कुणी नाही. उठा तुम्ही."

तेवढ्यात आतून आवाज आला. फरशीवर बशी ठेवल्याचा. शेंगा फुटायच्या थांबल्या.

गयामाय गुडघ्यावर हात ठेवून उठली. "किल्ली द्या, गुरुजी."

"हा आमच्या घरातला मामला आहे."

"व्हय. म्हनून तर तुमच्याकडून मागून राहिले. न्हाईतर कुलूप तोडायला किती वेळ लागतो?"

बोळाच्या तोंडाशी आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिलेले दिसत होते. आणि मी ते बोललो. बारा वर्षं जे माझ्या छातीवर बसलंय ते.

"मला शिकवू नका," मी म्हणालो. "तुमचा माधव घरात पडून होता, तेव्हा कुठं होतं तुमचं हे विरजण?"

धुरपताबाईच्या हातातली शेंग खाली पडली. एकीनं तोंडाला पदर लावला. गयामायनं माझ्याकडं बघितलं नाही. पदराचं टोक तिनं एकदा बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग तळहात पुढं केला, पिवळ्या रेषांचा.

"किल्ली," ती म्हणाली.

ती मागत होती. मला द्यावी लागली.

दार उघडल्यावर तिनं सुनंदाला मिठी मारली नाही, रडली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सुनंदे, वाटी आन गं. दिवे लागायच्या आत न्यायची हाय." सुनंदा वाटी घेऊन दारात आली. उन्हानं डोळे मिचकावत होती. "बस जरा. एवढ्या शेंगा काही संपंनात." सुनंदा बसली. कुणीही, कसं वाटतं, काय झालं, विचारलं नाही. तिनं चार शेंगा सोलल्या आणि टरफलं टोपल्यात टाकली.

"अगं बाई, दाने टोपल्यात, टरफलं खाली!" धुरपताबाई खेकसली, नेहमीसारखी.

सुनंदानं वाकून टरफलं वेचली. मी ओट्याच्या कोपऱ्यात उभा होतो. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि मला बसही कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी गयामाय आणि धुरपताबाई तिला हिंगोलीला दवाखान्यात घेऊन गेल्या. मी बरोबर होतो, पिशवी धरून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्यानं परत बोलावलं, एकटं ठेवू नका म्हणाले. परतताना गयामाय म्हणाली, "गोळ्या डॉक्टरच्या. बाकीचं आमी बघतो." आणि बघितलं. कुणी चाळणी मागायला, कुणी मेथीचं बी, कुणी नुसती सुई. दीड वर्ष लागलं. मधे दोनदा ती पुन्हा भिंतीकडं वळली. दोन्ही वेळा बायका आधी आल्या, मला नंतर कळलं. कुलपाची किल्ली गयामायनं परत दिली नाही. मीही मागितली नाही.

माफीसुद्धा मागितली नाही. चार वाजता तिचा आवाज आला की मी परसात जायचो. ती मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "गुरुजी घरात हायत का गं?"

"हायत की," सुनंदा म्हणायची. "तुमचा आवाज आला की परसातलं गवत उपटतात."

बारा वर्षांत माझ्या परसात गवत उगवलं नाही.

गेल्या महिन्यात गयामाय गोठ्यात घसरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. पंधरा दिवस खाटेवर होती. सुनंदा तिच्या उशाशी. मग वाशीमची मुलगी जीप घेऊन तिला न्यायला आली. मी निरोपाला गेलो, आणि सवयीनं दाराबाहेरच थांबलो.

आत धुरपताबाई कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती.

"मला कशाला?" गयामाय म्हणाली. "मी रांडमुंड बाई."

"गप बस. बिनकुंकवाची गेलीस तर लोक इचारतील, कुठं कोंडून ठेवली म्हनून."

सगळ्या हसल्या. सुनंदाही. हसता हसता त्यांचे डोळे दारात उभ्या माझ्याकडं वळले. पळायला परस नव्हतं.

मी आत गेलो. खाटेजवळ खाली बसलो. "गयामाय," मी म्हणालो, "त्या दिवशी मी माधवचं नाव घ्यायला नको होतं."

तिनं आढ्याकडं नजर लावली. "तकलीफ झाली, गुरुजी. खोटं न्हाई बोलनार." मग म्हणाली, "पर तवर चार वर्षं गावात कोनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. जसं काही पोरगं झालंच न्हाई मला. तुमी घेतलं. वाईट घेतलं, पर घेतलं."

ती थांबली नाही.

"अन् तुमी इचारलं होतं, कुठं होतं विरजण. तर न्हवतं. बांधाच्या भांडनात गल्लीनं आमच्याशी देवघेव तोडली होती. मीबी तोंड वर करून बसले, कोनाला बोलावलं न्हाई. नऊ दिवस पोरगं पडून होतं. काडीपेटी मागायला सुदिक कोनी आलं न्हाई." धुरपताबाई करंड्याचं झाकण उघडझाप करत होती. गयामायनं तिच्याकडं कपाळ केलं. "लाव आता. ऊन चाललं."

तिला चौघींनी उचलून जीपमध्ये निजवलं, खिडकीशी डोकं येईल अशी. वाटी तिनं हातातच ठेवली. जीप निघाली. बायका वळल्या. मी मात्र रस्त्यावर तसाच उभा राहिलो, म्हणून मला दिसलं.

गावाच्या शेवटच्या घरापाशी जीप थांबली. ते किसनचं घर, शेळ्यामेंढ्यांचं. त्याची बायको तीन आठवड्यांपूर्वी गेली. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. गयामाय खाटेवर, म्हणून तिकडं कुणाला धाडलं गेलं नव्हतं, आणि आपण होऊन आम्ही कुणी गेलो नव्हतो. भर चार वाजता शेळ्या वाड्यातच कोंडलेल्या होत्या आणि जीव तोडून ओरडत होत्या. दार बंद. जीपचा हॉर्न वाजला. मग खिडकीतून एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत, पिवळ्या बोटांचा, वाटी धरलेला.

दार उघडेना. हात तसाच बाहेर राहिला. जडपणानं खाली यायचा, पुन्हा वर जायचा. ड्रायव्हरनं मागं वळून काही म्हटलं असावं. हात आत गेला नाही.

शेवटी कडी वाजली. किसन बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगात नुसती बंडी. तो खिडकीशी वाकला, वाटी घेऊन आत गेला. आणि तो आत असतानाच जीप सुरू झाली आणि धुरळा उडवत नाक्याकडं निघून गेली.

तो परत आला तेव्हा रस्ता रिकामा होता. भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला. एकदा नाक्याकडं बघितलं, एकदा गावाकडं. ती कुणाला द्यावी ते त्याला कळेना.

दिवे लागायला अजून अवकाश होता. मी चालत त्याच्या दारापर्यंत गेलो. शेळ्यांच्या ओरडण्यात माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

"विरजण हाय का, किसन?" मी विचारलं.